डोकं दुखतंय? पाय इकडे

"पाय इकडे."

डोकं धरून रडत आलेल्या पोराला आमचे डॉक्टर हे सांगत. त्याआधी एक विधी असे. पोराने वाकून त्यांना नमस्कार करायचा, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून "शंभर वर्षं जग" म्हणायचं, आणि मग खुर्चीवरून उतरून पाटावर बसायचं नि पोराचं पाऊल मांडीवर घ्यायचं. पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं टेकवून ते डोळे मिटत. बाकावर बसलेली मंडळी एकमेकांकडे बघून हसत. तुम्हीही हसला असतात. मी तर पहिल्यांदा पदर तोंडाला लावला होता.

मुलुंडला तेव्हा टांगे होते, मिठागरांवरून येणारा खारा वारा होता, आणि मराठी शाळेत चौथीला शिकवणारी मी होते. दवाखाना शाळेच्या समोरच. कुणा मुलाचं डोकं दुखलं की मी त्याला रस्ता ओलांडून पाठवायची, आणि डॉक्टर खिडकीतून ओरडायचे, "बाई, शाळेत गणित शिकवता की डोकेदुखी?"

बहुतेकांचं काही नसायचंच. "ह्याचे पाय उत्तम आहेत. ह्याला सकाळी भाकरी द्या." एकीला फळा दिसत नव्हता, तिला चष्मा लागला. एका चिरंजीवांना पाढे म्हणायच्या दिवशीच कळ यायची. त्याच्याबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी आली, "औषध बाईंकडेच आहे. जरा कमी ओरडावे." मला राग आला होता, पण मी ओरडणं कमी केलं.

त्यांच्याकडे रक्तदाब बघायचं पाऱ्याचं यंत्र होतं. त्याचा पट्टा मोठ्या माणसाच्या दंडाचा. त्यांनी शिंप्याला बसवून मुलांच्या दंडाला बसेल असा छोटा पट्टा शिवून घेतला होता. मुलांचा कसला आलाय रक्तदाब, असं लोक म्हणत. डॉक्टर म्हणत, "रक्तवाहिन्या काय लग्नानंतर फुटतात का?"

तोंड हे असं होतं त्यांचं. आणि नमस्काराचा विधी सुरुवातीला नव्हता. तो कसा आला, ते सांगते.

माझ्या वर्गात सुमन नावाची मुलगी होती. अक्षर असं सुरेख, की फळ्यावरचा सुविचार मी तिच्याकडूनच लिहून घ्यायची. खडू हातात असतानाच ती मधे थांबायची आणि खिडकीचा गार गज कपाळाला लावून उभी राहायची. घरी सुंठेचा लेप चालला होता, मीठ-मोहऱ्या उतरवणं चाललं होतं. तिची आई मालवणकडची. आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेलेली, मग ही सुमन, आणि कडेवर एक धाकटी. आई सुमनला डोळ्याआड होऊ देत नसे. मीच मागे लागून मायलेकींना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सुमनचं मनगट धरलं आणि त्यांचा चेहरा बदलला. दुसरं मनगट धरलं. मग "पाय इकडे" म्हणून खाली वाकले. आईने झटकन लेकीचे पाय आपल्या लुगड्याआड ओढून घेतले.

"माझ्या चेडवाच्या पायांक हात लावू नकात, डाक्तर. थोरल्यान ल्हानाच्या पायांक हात लावलो तर आयुष्य कमी होता."

आता हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? चुकून थोरल्याचा हात पायाला लागला तर आपणही पटकन वाकून नमस्कार करून मोकळे होतो. पण जिने दोन मुलं पुरली, तिच्यासाठी ही नुसती रीत नव्हती. ती उरलेलं आयुष्य राखत होती.

डॉक्टर भडकले. "मी नाडी बघतोय, करणी करत नाही! अडाणीपणा घरी ठेवून येत चला!"

सगळ्या दवाखान्याने ऐकलं. ती माउली उठली, लेकीचा हात धरला आणि निघून गेली. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डॉक्टर शाळेत आले. म्हणाले, "बाई, हृदयातून जी मोठी रक्तवाहिनी निघते ना, ती एखाद्या मुलात जन्मापासूनच एका जागी आवळलेली असते. बागेतल्या रबरी नळीवर कुणी पाय द्यावा तशी. वर डोक्याकडे रक्त जोराने जातं, खाली पायांकडे जेमतेम. मनगट उडतं आणि पाऊल गप्प. सुमनचं तसंच असेल असं नाही, पण मनगट फार उडत होतं. एकदा पाय बघू द्या मला."

"मग तुम्हीच जा की त्यांच्याकडे. दोन गोड शब्द बोला."

"मी जाऊ? माफी मागायला?"

मी त्या बाईकडे दोनदा जाऊन आले. "त्यांनी चार माणसांत माझो अपमान केलो," एवढंच ती म्हणाली. डॉक्टर रोज खिडकीतून मला विचारत, "आली का?" पण दवाखान्याची पायरी काही उतरले नाहीत. असे दिवस गेले.

मग एके दिवशी सकाळी नळावर पाणी भरताना सुमनने कळशी खाली ठेवली, "आये, डोक्या" म्हणाली, ओकली आणि तिथेच पडली. शेजारचे धावत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर अनवाणी धावत आले, मीही पोचले. तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर ओल्या फरशीवर बसले आणि त्यांनी सुमनची पावलं दोन्ही हातांत धरली. आता तिथे काय सापडणार होतं? तिची आई बघत होती. या वेळी तिने ती ओढून घेतली नाहीत.

कितीतरी दिवसांनी मी त्यांना विचारलं, "पाय बघितले असते, तर वाचली असती का हो?"

"माहीत नाही. उपाय माझ्याकडे नव्हता. मोठ्या इस्पितळात पाठवली असती, तिथेही काही झालं असतं की नसतं. पण मला कळलं असतं, बाई. आता कधीच कळणार नाही." मग त्यांनी विचारलं, "मुलाने आधी नमस्कार केला, तर थोरल्याने पाय धरल्याचा दोष जातो का?"

देवाला कधी हात न जोडणारा माणूस मला हे विचारत होता. मला शास्त्र काय ठाऊक! मी म्हटलं, "जातो."

त्या दिवसापासून नमस्कार सुरू झाला. पुन्हा ते कुठल्या आईवर ओरडल्याचं मी ऐकलं नाही. त्यांचं ते ओरडणं गेलं याचं मला वाईट वाटायचं. ओरडणारा माणूस निदान आत जळत तरी बसत नाही.

पुढे सुमनची धाकटी बहीण शाळेत जायला लागली आणि एकदा तिचंही डोकं दुखलं. तिची आई तिला घेऊन दवाखान्यात आली. मी तिथेच होते. तिने लेकीला पुढे ढकललं आणि म्हणाली, "धरा पाय."

"आधी नमस्कार," डॉक्टर म्हणाले.

पोरगी वाकली. त्यांनी पाऊल मांडीवर घेतलं, बोटं टेकवली. दवाखान्यात कुणी हसलं नाही.

"आहे," ते म्हणाले. "छान आहे. सर्दीने दुखतंय." पण पाऊल काही सोडेनात. शेवटी तिच्या आईनेच हळूच विचारलं, "डाक्तर, तुमका बरा वाटता मां?"

डॉक्टर गेले ते खुर्चीत बसल्या बसल्या, दुपारच्या वेळी. त्यांच्या जागी नवे डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हता, गोड बोलायचा, पण त्याच्याकडे गर्दी फार. मी माझ्या वर्गातल्या एका मुलीला घेऊन गेले होते. दोन-तीन दिवस तिचं डोकं ठणकत होतं. तिने सवयीने चप्पल काढली, नमस्कार केला आणि पाऊल पुढे केलं.

"अगं, डोकं दुखतंय ना? मग पाय कशाला? जीभ दाखव."

जीभ बघून झाली, लाल औषधाची बाटली मिळाली. त्या छोट्या पट्ट्याचं विचारलं तर कंपाउंडर म्हणाला, "त्याचं आता काच पुसायचं फडकं केलंय."

बाहेर पायरीवर मुलगी मला म्हणाली, "बाई, पाय बघायचे राहिले." आणि मी काही बोलायच्या आत तिने वाकून मला नमस्कार केला. "शंभर वर्षं जग" मला म्हणवेना. मी खाली बसले, तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि डॉक्टर टेकवायचे तिथे दोन बोटं टेकवली. काहीतरी धडधडत होतं. ते तिच्या पावलात होतं की माझ्याच बोटांत, मला कळेना.