आज काय टाकून दिलंस?

मालसुनमावशींनी सेऊलमधल्या शिनछोनच्या चढावरचं घर विकलं तेव्हा भांडी शेजारणींना वाटली, गाद्या भंगारवाल्याला दिल्या आणि जुना फ्रीज गोड बोलून नव्या मालकाच्या गळ्यात मारला. दिलं नाही ते फक्त जेवणाचं गोल, बैठं टेबल. मुलानं पुसानहून फोनवर बजावलं होतं, "आई, त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये ते मावणार नाही." मावलं नाहीच. मग मावशींनी त्याचे पाय दुमडून ते दारामागे उभं केलं. तेव्हापासून दार अर्धंच उघडतं, आणि मावशी अंग चोरून आत-बाहेर करतात.

मालसुन म्हणजे शेवटची. मुलींवर मुली झाल्या, आता पुरे हे देवाला कळावं म्हणून बापानं ठेवलेलं नाव. देवाला काही ते कळलं नाही, तिच्या पाठीवर आणखी एक झालीच. ही नावापुरती शेवटची मुलगी लहान वयात सेऊलला आली आणि शिवणकारखान्यात मशीनवर बसली. शेजारच्या खोलीतला कॉलेजचा मुलगा मोठ्यानं पाठांतर करायचा, ते भिंतीला कान लावून ऐकायची. स्वतःचं शिकणं राहूनच गेलं. पुढे नवरा गेला आणि हातात एक घर उरलं, तेव्हा मावशींनी त्यात विद्यार्थी ठेवले. पोटासाठी ठेवले हे खरंच. पण वरच्या मजल्यावर कुणीतरी पुस्तक उघडून बसलंय म्हटलं की त्यांना झोप छान लागायची, हेही तितकंच खरं.

त्या घरातली संध्याकाळ आठवली की अजूनही त्यांच्या हाताला वाफ लागल्यासारखी वाटते. टेबलाभोवती मांडीला मांडी लावून बसलेली पोरं, मधोमध आंबवलेल्या सोयाबीनची आमटी, भाजलेल्या बांगड्यावर पडणाऱ्या उड्या. सरकारी परीक्षेला पुन्हा पुन्हा बसणारा ग्युहो दरवेळी सगळ्यांत मोठा तुकडा उचलायचा आणि म्हणायचा, "देशाची सेवा करायचीय मला, ताकद नको?"

"आधी देशानं तुला घ्यायला नको का, मेल्या?" मावशी स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

त्या स्वतः मात्र टेबलाशी कधी बसल्या नाहीत. पोरांचं आटोपलं की उरलेल्या भातावर पाणी ओतून ओट्याशी उभ्यानंच चार घास खायच्या. खानावळ चालवणारीनं पोरांच्या पंगतीत बसायचं नसतं, असं त्यांचं ठाम मत. कुणी आग्रह केलाच तर म्हणायच्या, "मी बसले तर वाढणार कोण, तुझी सासू?"

साथ आली त्या वर्षी, वसंताच्या तोंडाशी, मिन सेबोम त्यांच्याकडे राहायला आली. दक्षिणेकडच्या वांदो बेटावरची मुलगी. बापाची समुद्रात खाण्याच्या शेवाळाची शेती. बेटावरून शिनछोनच्या विद्यापीठात कुणी आलं नव्हतं, म्हणून गावानं वर्गणी काढून वेशीवर कापडी फलक लावला होता: आमची मिन सेबोम, प्रवेशाबद्दल अभिनंदन. बापानं त्याचा फोटो मावशींना दाखवला आणि वाळवलेल्या शेवाळाचा एक मोठा गठ्ठा पायाशी ठेवून गेला. "पोरगी बोलायची कमी आहे," तो म्हणाला, "पण खाते व्यवस्थित."

प्रवेशाचा समारंभ रद्द झाला. वर्ग दोन आठवड्यांनी भरतील म्हणाले, मग आणखी दोन आठवड्यांनी, मग कुणी काही म्हणेनासंच झालं. सेबोम खोलीत बसून लॅपटॉपवर तास ऐकायची. सुरुवातीला निदान संध्याकाळी टेबल तरी होतं. ग्युहो तिला चिडवायचा, "वर्गमित्रांची नावं सांग बघू." ती म्हणायची, "नावं सगळ्यांची येतात, ग्युहोदादा. तोंडं येत नाहीत."

मग शरदात शेजारच्या खानावळीत आजार शिरला. गल्लीभर पांढऱ्या पोशाखातली माणसं फिरली. बरीच पोरं सामान आवरून गावी गेली. हिवाळ्यात पाच माणसांनी एकत्र बसायचं नाही असा हुकूम निघाला, आणि मावशींनी टेबलाचे पाय दुमडले. आपल्या घरात आजार येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. प्रत्येकाच्या दाराशी ताट ठेवायचं, दार वाजवायचं नाही, जिन्यावर उभं राहून विचारायचं, "जेवलास का? जेवलीस का?" आतून उत्तर यायचं, "जेवलो, मावशी. जेवले, मावशी."

आता या देशात जेवलात का म्हणजे बरे आहात का, आणि त्याला जेवलो याखेरीज उत्तर नाही. उपाशी माणूसही जेवलो म्हणतो. लहानपणापासून जीभ तशीच वळलेली असते. मावशींची तरी कुठे वेगळी होती? त्या रोज विचारत, रोज उत्तर मिळे, आणि त्यांचा जीव भांड्यात पडे. सेबोमचं ताट तर धुऊन पुसून परत यायचं. बेटावरच्या माणसांना वळण असतं ते असं, हे त्या शेजारणींना कौतुकानं सांगत.

फक्त अंगणातली उष्ट्याची बादली जड होऊ लागली होती. माणसं कमी आणि उष्टं जास्त, हे गणित मावशींना सुटेना. त्यांचा संशय अर्थातच ग्युहोवर.

"बाहेरचं तळलेलं चिकन हादडतोस आणि माझा भात बादलीत?"

"मावशी, तुमच्या भातावर मी इतकी वर्षं नापास होतोय," ग्युहो म्हणाला. "टाकीन कसा?"

सेबोमचा वाढदिवस वसंत सुरू होण्याच्या दिवशी होता, म्हणून तिचं नाव सेबोम, नवा वसंत. मावशींनी तिच्या बापानं दिलेलं शेवाळ भिजत घातलं, तिळाच्या तेलात मांस परतलं, आणि सूप दुपारभर मंद आचेवर ठेवलं. बाळंतिणीला पाजतात ते हे सूप. दर वाढदिवसाला ते प्यायचं, आईनं काय सोसलं ते आठवायचं. मोठा वाडगा भरून त्यांनी दाराशी ठेवला आणि जिन्यावरून विचारलं, "प्यायलीस का ग?"

"प्यायले, मावशी. छान होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीचं झाकण उघडलं तर वर ते शेवाळ तरंगत होतं. सगळंच्या सगळं.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भात टाकला असता तर एक वेळ सोसलं असतं. आईच्या नावाचं सूप बादलीत? त्या धपाधप जिना चढल्या, आपलाच नियम मोडून दारावर थाप मारली आणि उघडायची वाटही न पाहता दार ढकललं.

पडदे बंद होते. लॅपटॉपवर तास चालू होता, काळे चौकोन आणि त्यांखाली नावं. सेबोम भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या अंगातला स्वेटर दुसऱ्या कुणाचा वाटावा इतका ढगळ झाला होता. एकाच छपराखाली राहून मावशींनी तिला कित्येक आठवड्यांत नीट पाहिलं नव्हतं. शिव्या तोंडाशी आल्या होत्या, त्या तिथेच राहिल्या.

"सूप..." एवढंच त्या म्हणाल्या.

"मला गिळत नाही, मावशी," सेबोम म्हणाली. "खूप दिवस झाले. तुम्ही एवढं करता, परत कसं पाठवू? म्हणून टाकत होते."

"मग सांगायचं नाही का मला?"

"तुम्ही विचारायचात जेवलीस का. बाबाही फोनवर तेच विचारतात. मी काय म्हणणार?"

मावशी उंबऱ्यातच खाली बसल्या. सेबोम त्यांच्याकडे न बघता बोलत राहिली. तिनं सांगितलं, की या शहरात तिला नावानं हाक मारणारं माणूस या घराबाहेर एकही नाही. अभ्यास डोक्यात शिरत नाही. परत जावं तर वेशीवर आपलं नाव टांगलेलं आहे. "मरावंसं वाटतं असं नाही," ती म्हणाली. "पण झोपताना रोज वाटतं, सकाळी जाग आली नाही तर किती बरं."

ताटं कशी वाफाळती जातील हे त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं, आणि पोरगी भिंतीपलीकडे अशी विरत चालली होती. आजार घरात येऊ दिला नाही म्हणून आपण मिरवत होतो, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"बाबांना सांगू नका. वचन द्या."

"वचनबिचन मी देत नसते," मावशी म्हणाल्या. "आज नाही सांगत. उद्याचं उद्या बघू."

खाली येऊन त्या ओट्याशी नुसत्याच उभ्या राहिल्या. ग्युहो पाणी प्यायला आला तेव्हा त्यांनी त्याला, जमेल तसं, सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा हसला नाही. थोडा वेळ पेल्याशी चाळा करत म्हणाला, "विद्यापीठात समुपदेशक असतात. सध्या फोनवर बोलतात. माणसं चांगली आहेत."

"तुला काय माहीत?"

"मी बोलतो ना. दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हापासून. गुरुवारी मी लायब्ररीत जातो असं तुम्हाला वाटतं, तेव्हा."

मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू इतकी वर्षं टेबलाशी दुसराच कुणी बसत होता. मग म्हणाल्या, "नंबर दे. आणि आज तूच वर जा, दाराशी उभा राहून तिला हे सांग. मी सांगितलं तर ती नुसतं हो म्हणेल." ग्युहो गेला. जिन्यावरून त्याचा हळू आवाज बराच वेळ ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी सेबोमनं फोन लावला. तो लागेपर्यंत ग्युहो जिन्यात बसून होता.

त्या संध्याकाळी मावशींनी गोल टेबल वर नेलं आणि सेबोमच्या उंबऱ्यावर मांडलं, अर्धं खोलीत, अर्धं बोळात. खिडक्या सताड उघड्या, बोचरा वारा. आतल्या बाजूला सेबोम, कोट घालून. बाहेरच्या बाजूला मावशी स्वतः मांडी घालून बसल्या. सेबोमनं डोळे मोठे केले.

"तुम्ही बसणार?"

"गुडघे दुखतात. उगाच चर्चा नको."

भांड्याच्या तळाशी लागलेल्या भाताच्या खरवडीवर गरम पाणी ओतलं होतं, बस तेवढंच. सेबोमनं दोन चमचे घेतले आणि चमचा खाली ठेवला. मावशींनी आग्रह केला नाही. उठताना मात्र त्यांनी जेवलीस का असं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "आज काय टाकून दिलंस?"

याला पाठ केलेलं उत्तर सेबोमकडे नव्हतं. "सकाळचं अंडं," ती अखेर म्हणाली. "आणि भात. सगळा."

"बरं," मावशी म्हणाल्या. "उद्या अंडं करत नाही."

त्या दिवसापासून तेच सुरू झालं. आज काय टाकलंस? आमटी. आज? किमची, पण थोडी खाल्ली. एखाद्या दिवशी आठवडाभराची सुधारणा पुसली जाई, ती काहीच खात नसे, आणि मावशी ओट्याशी येऊन डोळे पुसत. समुपदेशकाच्या सांगण्यावरून डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी एके दिवशी सेबोमनं स्वतःच बापाला फोन केला. मावशी दाराबाहेर उभ्या राहून चोरून ऐकत होत्या. फोनच्या स्पीकरवरून बाप म्हणाला, "घरी ये. शेवाळ काढायला माणसं कमीच आहेत."

ती एक सत्र सुट्टी टाकून गेली. ती बसमध्ये चढताना मावशींनी तिचा हात सुटेना इतका घट्ट धरला होता. ही पुन्हा दिसेल की नाही, हा विचार त्यांना छळत होता, आणि तो बोलून दाखवायची हिंमत नव्हती. पोहोचल्यावर तिचा फोन आला. "मावशी, वेशीवरचा फलक नाहीये. बाबांनी तो केव्हाच काढला आणि वाळत घातलेल्या शेवाळावर झाकायला घेतलाय. माझ्या नावावर समुद्रपक्षी बसलेत." आणि ती हसली. ते हसू ऐकून मावशींनी फोन ठेवला आणि भांडी घासता घासता रडून घेतलं.

सेबोम परत आली, वर्ग भरू लागले होते. तिला तोंडं असलेले मित्र मिळाले. त्यांना ती टेबलाशी घेऊन यायची आणि मावशी त्यांच्यावर खेकसायच्या. ग्युहोला नोकरी लागली, देशानं नाही पण एका जिल्हा कचेरीनं घेतला. मग मावशींचे गुडघे अगदीच बोलू लागले आणि चढावरचं ते घर गेलं.

आता या फ्लॅटमध्ये संध्याकाळ झाली की त्या सवयीनं मोठं पातेलं चढवतात. मुलाचा फोन येतो. "आई, जेवलीस का?"

"जेवले."

त्याचं समाधान होतं. बिचाऱ्याला दोष नाही. फोन ठेवून मावशी ओट्याकडे बघतात आणि बादलीचं झाकण उघडतात.

परवा मुलाचा फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. सेबोम होती. शाळेत शिकवते आता, मुलांच्या गोंधळानं आवाज बसलेला असतो. इकडचं तिकडचं झालं, आणि मग अगदी सहज तिनं विचारलं, "मावशी, आज काय टाकून दिलंत?"

जेवले म्हणायची सोयच ठेवली नव्हती पोरीनं.

"बांगडा," त्या म्हणाल्या. "आमटी."

"काल?"

"कालही."

"रविवारी येते," ती म्हणाली. "उद्या दवाखान्यातही फोन करते. पण आत्ता फोन ठेवायचा नाही. टेबल आहे ना?"

"दारामागे आहे."

"काढा. मी थांबते."

मावशींनी टेबल ओढत खोलीत आणलं. पाय उघडताना ते कुरकुरलं. मागे दार पहिल्यांदाच पूर्ण उघडून भिंतीला लागलं. भांड्याच्या तळाशी भाताची खरवड तेवढी राहिली होती.

"पाणी ओतलंत?"

"ओतलं."

"मग उभ्या का? आवाज येतोय मला ओट्याचा. बसा."

मालसुनमावशी टेबलाशी बसल्या.