बारवेवरचा पहारा

एरवी कुणी दुकानदार, कुणी माझ्यासारखा शाळामास्तर, असे राखीव पलटणीतले आम्ही दोघं-तिघं लग्नात भेटलो की आमच्या बायका उठून लांब जाऊन बसतात. वर्षातून एकदा कॅम्प, आणि एकेका कॅम्पमधून डोकं फिरवणारे किस्से पोतंभर. हसत सांगतो खरे, पण दुष्काळातल्या त्या कॅम्पचा विषय निघाला की माझं टाळकं अजून सरकतं.

*

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कॅम्प पडला देवणीकडच्या एका गावाबाहेर. गावातल्या बायका दूरच्या शिवारातून पाणी आणायच्या आणि आम्ही त्यांच्यासमोर टँकरचं पाणी पिऊन परेड करायचो. लाज वाटायची.

काशाबाई नावाची एक म्हातारी रिकामी घागर घेऊन बघत उभी राहायची. एक दिवस म्हणाली, "लेकरांनो, एवढे धडधाकट गडी, नुसते पाय आपटून राहिलेत. आमची बारव गाळानं बुजलीया. ती तरी उपसा की."

आमचे सुभेदार नांदेडचे सरदारजी. त्यांनी त्या दिवसाचं ट्रेनिंग वाचलं: खंदक खोदणे. म्हणाले, "खोदना तो है ही. बारव में खोदो."

*

आमच्यात एक सांगप्पा होता. मुरुडचा किराणा दुकानदार, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि नियमाला असा चिकट की बास. पहाऱ्यावर उभा राहिला की येणाऱ्याला "थम! कौन आता है?" विचारायचा आणि पासवर्ड मिळेपर्यंत हलू द्यायचा नाही. त्या कॅम्पचा पासवर्ड होता 'करडई'.

एकदा भर दुपारी सुभेदारच पासवर्ड विसरले. सांगप्पानं त्यांना हात वर करून उन्हात उभं केलं.

"अरे, मुझे पहचानता नहीं?"

"वळखतो की साहेब. म्हणून तर सांगतो, आठवा."

शेवटी मी तंबूतून ओरडून सांगितलं तेव्हा त्यांची सुटका झाली.

*

गाळ उपसता उपसता हाताला फोड आले. एका सकाळी तळाशी झरा मोकळा झाला आणि काशाबाई पायरीवर बसून रडली. आम्हीही रडलो, खोटं कशाला बोलू.

त्याच दुपारी जीप आली. नव्या जिल्ह्यातला कुणी एक साहेब उतरला, गॉगलसकट. "उत्तम काम. मंत्रिमहोदयांच्या हस्ते उद्घाटन करू. तोवर पाण्याला कुणी हात लावायचा नाही. इथं पहारा ठेवा."

"मंत्री कधी येणार?" मी विचारलं.

"तारीख मिळाली की."

संताप संताप झाला. गाळ आम्ही काढायचा, तहानेनं गावानं मरायचं, आणि तारीख कुणाची पाहायची तर यांच्या मंत्र्याची! घागरी घेऊन आलेल्या बायका तशाच मागं फिरायला लागल्या.

*

सुभेदारांनी त्या गॉगलवाल्या साहेबाला कडक सॅल्यूट ठोकला. जीप गेल्यावर त्यांनी सांगप्पाला बारवेवर उभं केलं. "जो पासवर्ड बोलेगा, वही अंदर जाएगा."

"हाव साहेब."

मग बायकांकडं तोंड करून त्यांनी मला विचारलं, "मास्टर, पासवर्ड क्या है?"

"करडई."

"सुनाई नहीं दिया."

मी शाळेत हजेरी घेतो तसा ओरडलो. दुसऱ्या दिवसापासून बारवेवर रांग लागली. सांगप्पा प्रत्येकीला थांबवायचा, प्रत्येकीकडून 'करडई' ऐकायचा आणि मगच बाजूला व्हायचा.

*

अखेर मंत्री आले. हार, फीत, बँडवाले, सगळा लवाजमा. गॉगलवाला साहेब पुढं, मंत्री मागं, असे ते बारवेच्या पायऱ्यांपाशी पोचले.

सांगप्पानं रायफल आडवी धरली. "थम! कौन आता है?"

"अरे, मंत्रिमहोदय आहेत," साहेब खेकसला.

"पासवर्ड?"

साहेबानं सुभेदारांकडं पाहिलं. सुभेदार आभाळाकडं बघत होते. बँड थांबला. मंत्र्यांना घाम फुटला, पण सांगप्पा तसूभर हलेना.

तेवढ्यात भरलेली घागर कमरेवर घेऊन काशाबाई पायऱ्या चढून वर आली. घटकाभर तिनं हा तमाशा बघितला आणि मंत्र्यांना म्हणाली, "करडई म्हना, सायेब. आख्ख्या गावाला ठावं हाय."