गाळून घे, लेकरा

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. ‘नव्हता’ असं लिहीत नाही, आजही नाही. सोलापूरच्या एका कापडगिरणीच्या रंगखात्यात माझी सगळी नोकरी गेली. डाग दिसला की तो कशाचा, एवढंच विचारायची सवय. या सदरातले अनुभव वाचताना मी बऱ्याचदा हसतो आणि बायको रागावते. त्यामुळं हे लिहायला इतकी वर्षं लागली. घडलं ते घडलं तसं सांगतो, पुढं तुम्ही ठरवा.

आधी एक सांगायला हवं. तरुणपणी मला कशाचीही किळस यायची. आमटीत केस दिसला तर दोन दिवस आमटी वर्ज्य. कुणी उष्ट्या हातानं वाढलं की मी पानावरून उठायचो. माझा मित्र वसंता मला ‘सोवळेराव’ म्हणायचा. आणि याच वसंताच्या डोक्यात सायकलवरून हैद्राबाद गाठायचं खूळ शिरलं! दुसरं महायुद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती. ‘‘जग बघू या रे,’’ वसंता म्हणाला. मी हो म्हणालो खरा...

सोलापूर सोडून निजामाच्या हद्दीत शिरलो तेव्हाच माझं तोंड वाकडं झालं होतं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं पिशव्या उपसल्या आणि बोलता बोलता माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर पानाचे शिंतोडे उडवले. नळदुर्गच्या अलीकडं रस्त्याकडेला मेलेला बैल फुगून पडला होता, गिधाडं त्याच्या पोटात मान खुपसून होती. खानावळीत भाकरीवर माश्या इतक्या, की भाकरी कुठली ते चाचपून बघावं लागे. वसंता मजेत. मला मात्र वाटत होतं, या मुलखात माणसं राहतात तरी कशी?

येणेगूर मागं टाकलं आणि वसंताच्या सायकलचा मागचा टायर फाटला. मुरूमच्या बाजारात नवा मिळेल असं कुणीतरी सांगितलं, म्हणून सडक सोडून मुरूमच्या गाडीवाटेला लागलो. सायकली ढकलत. ऊन असं की डोळ्यांपुढं पिवळं दिसायचं. बाटल्यांमधलं पाणी संपलेलं. अशात एका गावाबाहेर लिंबाखाली जुनी बारव दिसली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, पुढं ज्या अप्पांबद्दल सांगणार आहे त्यांचे नातेवाईक अजून तिथं आहेत.

वसंता सावलीत आडवा झाला. मी दोन्ही बाटल्या घेऊन उतरलो.

ती बारव डोळ्यांपुढून जात नाही. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, भिंतींवर पारव्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ, वळचणीला वटवाघळं आणि त्यांचा उग्र, आंबूस वास. पाण्यावर हिरवी साय. तिच्यात लिंबोळ्या, शेणकूट, कुणाच्या तरी वेणीचा गुंतवळ. एका कोनाड्यात महादेवाची छोटी पिंड, आणि पिंडीवर वाहिलेली फुलं सडून त्यांचं काळं पाणी खाली ठिबकत होतं. पण तहान अशी लागलेली की मी उतरत गेलो.

शेवटच्या पायरीवर एक बाई बसली होती.

उतरताना ती दिसली नव्हती. कोपऱ्यात असेल, असं समजलो. साठीची असावी. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीचं लिंग. डाव्या कानाची पाळी तुटून दोन लोंबत्या टोकांची झालेली. एक पाय पाण्यात सोडलेला. तिनं तो वर घेतला आणि... घोट्याच्या वर रुपयाएवढी जखम होती, कडांना पिवळा पू. जखमेतून शेवईसारखा पांढरा, ओला दोरा बाहेर आला होता आणि ज्वारीच्या काडीला गुंडाळलेला होता. मला आधी वाटलं, टाक्याचा दोरा. मग तो हलला.

जिवंत होता तो! माणसाच्या पायातून बाहेर येत होता आणि जरा जरा वळवळत होता. सडका, गोडसर वास आला. मी रुमाल नाकाला लावला.

‘‘गाळून घे, लेकरा,’’ ती म्हणाली. तिनं पदराची चौघडी केली आणि माझ्या बाटलीच्या तोंडावर धरायला हात पुढं केला. ‘‘तसं नगं भरू. गाळून घे.’’

तो पदर, तो हात माझ्या बाटलीला लागणार या कल्पनेनंच मला उमासा आला. मी पायऱ्या चढत पळालो. वर येऊन लिंबाच्या बुंध्याशी ओकलो. पोटात काहीच नव्हतं, नुसतं कडू पाणी.

वसंताला बाईचं आणि तिच्या पायाचं सांगितलं. तो पोट धरून हसला. ‘‘सोवळेराव, तहानेनं मराल,’’ म्हणाला आणि बाटल्या घेऊन खाली गेला. लगेच परत आला, बाटल्या काठोकाठ भरून.

‘‘बाई कुठंय तुझी? खाली तर चिटपाखरू नाही.’’

‘‘शेवटच्या पायरीवर...’’

‘‘शेवटच्या पायरीवरच बसून मी पाणी प्यालो.’’

बारवेला पायऱ्या एकाच बाजूनं, आणि मी तोंडाशीच उभा होतो. वर कुणीही आलं नव्हतं. बाटलीतलं पाणी वसंतानं माझ्यापुढं धरलं. मी त्याला हात लावला नाही.

गावात शिरताच शिवलिंगअप्पांची गाठ पडली. गाठ पडली म्हणण्यापेक्षा त्यांनी आम्हाला धरलं म्हणावं. अप्पा कापडाचे व्यापारी. दुकान लहान, आवाज मोठा.

‘‘बर्री, बर्री! या, या! सोलापूरचे का? पाणी कुठलं पिलात?’’ रामराम नाही, नावगाव नाही, पहिला प्रश्न हाच.

‘‘बारवेचं,’’ वसंता म्हणाला.

‘‘गाळून?’’

‘‘नाही.’’

अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. ‘‘अय्यो शिवा! आमच्या कानडीत पाण्याला नीरु म्हणत्यात बगा. नीरु बिनगाळता पिला की त्याचा नारू झालाच म्हणून समजा!’’

त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं आणि नारूवर बोलायला सुरुवात केली: हा किडा पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभरानं पाय फोडून बाहेर येतो. हैद्राबादचा कुणी डॉक्टर एकदा गावात आला होता. त्यानं भिंगाच्या काचेतून पाण्यातले बारीक जीव दाखवले, तेव्हापासून या माणसाला दुसरा विषय नव्हता. दुकानातलं कापड फाडून त्यांनी घराघरात गाळणीची फडकी वाटली होती. नारूवाल्याचा पाय पाण्यात पडला की किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात, तेव्हा बारवेच्या पायऱ्या बुजवून वरून रहाट बसवा, म्हणून गावाच्या मागं लागले होते. गाव म्हणे, महादेवाची वाट कशी बुजवायची? ‘‘आन् म्या काय शिवाचा भक्त न्हाय व्हय?’’ असं म्हणून अप्पा भांडत. लोकांनी त्यांचं नाव ‘फडकंअप्पा’ ठेवलेलं.

आणि मग ऐन जेवणात त्यांनी फळीवरून एक बाटली काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली. रॉकेलमध्ये बुडवलेले नारू! पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता. ‘‘हे आमच्या गुरवाच्या गुडघ्यातलं. हे लांबडं हाय न्हवं, ते पाटलीणबाईचं...’’ आपल्या पोरांचं कौतुक सांगावं तसं सांगत होते. मी घास तसाच ताटात ठेवला. या माणसाची मला त्या किड्यांइतकीच किळस आली.

‘‘असंच पाहिलं मी मघाशी,’’ मी म्हणालो. ‘‘बारवेत एक बाई बसली होती.’’

अप्पा एकदम सावध झाले. ‘‘कोन बाई? पाय पान्यात होता? कशी होती दिसायला?’’

मी सांगितलं. विभूती, लिंग, तुटलेली कानाची पाळी... कान म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला.

‘‘कुणी शिकवून धाडलं तुमाला?’’ ते उठूनच उभे राहिले. ‘‘माझी चेष्टा करा, फडकंअप्पा म्हना. पर माझ्या अक्काची चेष्टा? जेवायला वाढलं म्या तुमाला!’’

‘‘अहो, आम्ही या गावात आत्ता पाऊल टाकलंय...’’ वसंता सांगत होता. ते ऐकेनात.

तेवढ्यात आतून आवाज आला. ‘‘शिवलिंगा, त्याला आत यू दे.’’

तोच आवाज.

आत बाजेवर ती पडली होती. तेच पट्टे, तीच दोन टोकांची पाळी. पण पाय... उजवा पाय गुडघ्यात दुमडून तसाच आखडलेला, मांडी मनगटाएवढी बारीक, घोट्याच्या वर जुना चकचकीत वण. अप्पांनी मग सांगितलं, घोट्यातून निघणारा नारू तुटला, उरलेला गुडघ्यापर्यंत आत सडला आणि ही त्यांची थोरली बहीण कायमची बाजेवर आली. अंगणात न्यायची तरी दोघांनी उचलून न्यावी लागे. बारव तर गावाबाहेर!

ती माझ्याकडं बघून हसली. ‘‘नाकाला रुमाल लावून पळालास की रं. पान्याबिगर.’’

रुमालाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वसंतालाही नाही.

मग तिनं वसंताकडं पाहिलं, आणि तिचं हसू मावळलं. ‘‘ह्यानं पिलं. म्या आडवा हात केला, ह्यानं बगितलंच न्हाय.’’

अप्पा दाराशी तोंडात उपरणं धरून उभे होते. मला तिथून निघून जायचं होतं, पण माझी नजर त्या आखडलेल्या पायावर गेली. टाचेला आणि बोटांच्या बेचक्यात हिरवं काहीतरी लागलं होतं. ओलं. बारवेतल्या सायीसारखं. आणि तोच आंबूस वास. वसंता पुढं कायम म्हणायचा की पाल्याचा लेप असेल. असेलही. मी वाकून पाहिलं नाही.

त्या दिवशी आम्ही गाव सोडू शकलो नाही, कारण टायर. दुसऱ्या सकाळी अप्पा आम्हाला घेऊन घरोघर निघाले. फडकी दाखवायला, फडकं फाटलं असेल तर बदलून द्यायला. नारूची ती बाटली माझ्या हातात दिली! एका घरात एका गड्याच्या पोटरीतून नारू निघत होता. अप्पांनी जखम धुतली आणि काडीवर तो दोरा अगदी सावकाश, जरासाच गुंडाळला. ‘‘ओढायचा न्हाय. तुटला की आमची अक्का झाली म्हनून समजा,’’ असं त्या गड्याला बजावत होते. गडी कळवळत होता आणि अप्पा त्याच्याशी कानडीत काहीबाही विनोद करत होते. मी बाहेर जाऊन पुन्हा ओकलो. तोंड धुतलं आणि का कोण जाणे... परत आत गेलो. बाटली धरायला कुणीतरी हवंच होतं. सगळ्या प्रवासात आपणहून परत फिरलो असा तो एकच क्षण.

पुढं टायर मिळाला, हैद्राबादही पाहिलं. चारमिनार आज मला धड आठवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वसंताच्या पायाला फोड आला. आग आग व्हायची. फोड फुटला आणि आतून पांढरं टोक दिसलं. मला झालं नाही. मी ते पाणी प्यालो नव्हतो.

वसंताच्या आईला बघवेना. थोरल्या भावानं पाहिलं आणि तो बाहेर निघून गेला. डॉक्टर येऊन जात, पण रोज सकाळी गुंडाळायचं कुणी? मी बसलो. आमटीत केस दिसला तर ताटावरून उठणारा मी, मित्राचा पाय मांडीवर घेऊन त्याच्या पुवात बोटं घालत होतो. किळस गेली होती असं समजू नका. रोज अंगावर काटा यायचा, रोज घशाशी यायचं. फक्त त्यामुळं उठून जावंसं वाटेना. काडी फिरवताना अप्पांचा तो सावकाश हात डोळ्यांपुढं असायचा. नारू अख्खा निघाला, तुटला नाही. वसंता पुढं खूप वर्षं सायकल चालवत होता.

मग रझाकारांचे दिवस आले, तो रस्ताच बंद झाला. पोलीस ॲक्शन होऊन सगळं निवल्यावर बऱ्याच वर्षांनी मी एकटाच त्या गावी गेलो. बारवेच्या पायऱ्यांना तोंडाशी दगडी भिंत घातलेली, वर रहाट. महादेव वर आणून लिंबाखाली बसवलेला. अप्पा म्हातारे झाले होते, पण आवाज तोच. आता त्यांना माश्यांचं वेड लागलं होतं. माशी अन्नावर बसून काय करते, ते त्यांनी मला जेवतानाच सविस्तर ऐकवलं. मी जेवत राहिलो.

अक्काची बाज अंगणात उन्हाला होती. मी तिच्याजवळ बसलो. वसंताचा पाय बरा झाल्याचं सांगितलं, तिला बरं वाटलं. इतकी वर्षं मी मनात हिशेब मांडत आलो होतो. उन्हानं डोकं फिरलं असेल. गावात तिच्यासारखी दुसरी कुणी असेल. रुमालाचं तिनं अंदाजानं म्हटलं असेल. पण तुटक्या कानाचं काय? मी पाणी न घेताच पळालो, हे बाजेवरून तिला कसं कळलं? एकाचं उत्तर सापडलं की दुसरं सुटायचं.

शेवटी सरळच विचारलं. ‘‘अक्का, त्या दिवशी तुम्ही बारवेत होता का?’’

तिनं डोळ्यांवर हाताची सावली धरली.

‘‘तू बगितलंस न्हवं?’’

‘‘हो. बघितलं.’’

‘‘मग मला कशाला इचारतूस?’’

निघताना मी रहाटाशी बाटली भरून घेतली, फडक्यातून गाळून.