पाठीतला तुकडा

मि. वॉल्टर यांनी फॉर्मवर 'शरीरात धातूचा तुकडा आहे का' या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण केली होती. आणि त्यांच्या पाठीच्या एक्स-रेमध्ये, कमरेच्या मणक्याजवळ, शेंगदाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका दिसत होता.

वय त्र्याण्णव. सकाळी उठले तेव्हा दोन्ही पाय जड वाटत होते. हॉस्पिटलला पोचेपर्यंत पाय हलेनासे झाले. छातीच्या मागे, पाठीच्या वरच्या भागात कळ येत होती. मज्जारज्जूवर कशाचा तरी दाब पडतोय, असा इमर्जन्सीच्या डॉक्टरांचा अंदाज होता. दाब कशाचा आणि नेमका कुठे, हे एमआरआयशिवाय कळणार नव्हतं. सर्जनचा निरोप आला होता की काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर पाय परत येण्याची आशा धरू नका.

आणि एमआरआयचं दार माझ्या ताब्यात होतं.

मी अमेरिकेत, बॉथेलजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. नवऱ्याच्या रेडमंडच्या नोकरीमुळे इथे आले. माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळे काही वर्षं घरातच गेली. ग्रीन कार्ड आल्यावर कम्युनिटी कॉलेजात जाऊन हे शिकले. लोकांना वाटतं आम्ही फोटो काढतो. काढतोच, पण निम्मं काम माणसांना दारात अडवण्याचं असतं.

एमआरआयचं मशीन म्हणजे एक प्रचंड चुंबक. बटण दाबल्यावर तो सुरू होतो असं नाही, तो अष्टौप्रहर चालूच असतो. खिशातली लोखंडी किल्ली तो हातातून ओढून नेतो. शरीरात पोलादाचा तुकडा असेल तर तो आतल्या आत वळू पाहतो. दंडात असेल तर निभावतं. कण्याजवळ असेल तर आम्ही पाय वाचवायला म्हणून आत नेणार आणि आम्हीच ते घालवणार.

एक्स-रे काढला तो त्यांच्या मुलीमुळे. ज्युडिथ, साठीच्या पुढची, शाळेत शिकवून रिटायर झालेली. वडिलांनी 'नाही' म्हटल्यावर ती म्हणाली, "डॅड, मॉर्टर!" मग मला सगळं सांगायला लागली. वडील कोरियाच्या लढाईत होते. टेकडीवर मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफेचा, गोळा फुटला आणि त्याचा तुकडा पाठीत गेला. जखमी सैनिकाला देतात ते पदक त्यांना मिळालं होतं. ते तिनेच फ्रेम करून आपल्या घरच्या हॉलमध्ये लावलं होतं. जुन्या सैनिकी कागदाचा फोटो तिच्या फोनमध्ये होता. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, मॉर्टरचा तुकडा. ती हे सांगत होती तेव्हा मि. वॉल्टर छताकडे बघत होते.

आमचे रेडिऑलॉजिस्ट डॉ. लिंडक्विस्ट मोजकं बोलतात. एक्स-रे आणि कागद बघून ते म्हणाले, "मॉर्टर म्हणजे पोलाद. कण्यापासून बोटभर अंतरावर. मी सही करणार नाही."

दुसरा मार्ग होता. पाठीत सुई घालून औषध सोडायचं आणि मग सीटी स्कॅन करायचा. पण मि. वॉल्टर रक्त पातळ करायची गोळी घेत होते. सुईच्या जागी रक्तस्राव झाला असता तर असलेल्या दाबावर आणखी दाब.

मी एक्स-रे पुन्हा मोठा करून पाहिला. तोफगोळ्याचा तुकडा मी पूर्वी पाहिला होता, एका दुसऱ्या लढाईतल्या सैनिकाच्या मांडीत. फुटलेल्या कौलासारखा, कडा धारदार. इथला ठिपका तसा नव्हता. तो गुळगुळीत होता, एका बाजूने चेपलेला. त्याच्या मागे बारीक पांढऱ्या कणांची ओळ होती, पिठाचं बोट ओढल्यासारखी. पोलाद असे कण सोडत नाही. शिसं मऊ असतं, ते सोडतं.

मी डॉक्टरांना दाखवलं. ते खुर्ची पुढे ओढून बराच वेळ बघत राहिले.

"बंदुकीची गोळी वाटते," ते म्हणाले. "पण सैन्याचा कागद मॉर्टर म्हणतो, मुलगी मॉर्टर म्हणते, आणि पेशंट म्हणतो काहीच नाही. नुसत्या चित्रावर मी पैज लावणार नाही. जाऊन विचार. पंधरा मिनिटं, नंतर सुई."

मी पडदा बाजूला करून आत गेले. ज्युडिथ उशाशी बसली होती. मी सरळ विचारलं, तो तुकडा कशाचा आहे याची खात्री आहे का. मि. वॉल्टरनी आधी मुलीकडे पाहिलं, मग म्हणाले, "मॉर्टर." उच्चारात अजून थोडं जर्मन होतं. ज्युडिथने त्यांचा हात थोपटला.

तेवढ्यात सिक्युरिटीचा माणूस आला. ज्युडिथने गडबडीत गाडी ॲम्ब्युलन्सच्या लेनमध्ये लावली होती, ती काढायला हवी होती. ती किल्ली घेऊन गेली. अशी संधी मला मागूनही मिळाली नसती.

मी टॅबलेटवर एक्स-रे उघडून त्यांच्यासमोर धरला. तोफगोळ्याचा तुकडा कसा दिसतो आणि हा कसा दिसतोय ते दाखवलं. म्हटलं, सर, हे पोलाद असेल तर मी तुम्हाला आत नेऊ शकत नाही. शिसं असेल तर कदाचित नेऊ शकते.

त्यांनी नजर पुन्हा छताकडे वळवली.

"गोळी कोणी मारली ते मला सांगू नका," मी म्हणाले. "मला फक्त धातू सांगा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग त्यांनी विचारलं, "हे कोण कोण वाचतं?"

मी खरं ते सांगितलं. डॉक्टर वाचतात, नर्स वाचतात, आणि तुमचं ऑनलाइन अकाउंट ज्युडिथ बघत असेल तर तीही वाचेल. मी खोटं लिहू शकत नाही. मात्र फॉर्मवर वस्तू कोणती, शरीरात कुठे आणि किती जुनी एवढंच विचारलेलं असतं. कोणामुळे, असा रकानाच नसतो.

मग ते बोलायला लागले. हळू, पण न थांबता.

व्हिएन्नात ज्यूंचे हाल सुरू झाले आणि आई-वडिलांनी त्यांना एकट्याला बोटीने अमेरिकेला पाठवलं, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. बोटीत त्यांच्या खालच्या बंकवर कुर्ट नावाचा मुलगा होता, तोही त्यांच्याच शहरातला, तोही ज्यू, तोही एकटा. अमेरिकेत दोघांना एकाच अनाथाश्रमात ठेवलं. आई-वडिलांची पत्रं आधी यायची, मग थांबली. मागे कोणी उरलं नाही हे दोघांना एकाच आठवड्यात कळलं. मोठे झाले आणि कोरियाच्या लढाईसाठी दोघांनाही बोलावणं आलं. नागरिकत्वाचे कागद अजून झाले नव्हते. सैन्यात नीट राहिलात तर कागद लवकर होतील, असं सांगण्यात आलं होतं.

एका सकाळी तंबूत कुर्ट पिस्तूल साफ करत होता. आत गोळी राहिली आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. ती सुटली, रेशनच्या खोक्यातून आरपार गेली आणि वाकून बूट बांधत असलेल्या वॉल्टरच्या पाठीत रुतली. खोक्यामुळे तिचा जोर कमी झाला, म्हणून ते वाचले. पहाटे टेकडीवर मॉर्टरचा मारा झालाच होता. स्ट्रेचरवर ठेवताना त्यांनी सांगितलं, मॉर्टर.

"त्याला शिक्षा झाली असती," ते मला म्हणाले. "कागद झाले नसते. कदाचित परत पाठवला असता. परत म्हणजे कुठे? कोणाकडे?"

इमिग्रेशनच्या खिडकीसमोर फाइल छातीशी धरून मीही उभी राहिले आहे. माझ्या मागे घर होतं, आई-बाबा होते. तरी फाइलमधला प्रत्येक कागद मी दहादा तपासायचे. त्यांच्या मागे काहीच नव्हतं.

त्यांनी आणखी एक सांगितलं. सैन्याच्या डॉक्टरने तिथला एक्स-रे दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिला होता. मग त्याने मि. वॉल्टरकडे पाहिलं, आणि त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. तेव्हापासून घरच्यांनी विचारलं की 'मॉर्टर', आणि कोणी एक्स-रे बघायला लागू नये म्हणून फॉर्मवर 'नाही'.

"कुर्ट आता कुठे आहेत?" मी विचारलं. खरं तर हे माझ्या कामाचं नव्हतं.

"सहा वर्षांपूर्वी गेला. माझ्या शेजारच्याच गल्लीत राहायचा."

मी फॉर्म दुरुस्त केला. बंदुकीची गोळी, कमरेजवळ, सत्तर वर्षांहून जुनी, अपघात, माहिती स्वतः पेशंटकडून. मि. वॉल्टरनी सही केली.

डॉ. लिंडक्विस्टनी माझं ऐकून घेतलं आणि एक्स-रेवरची ती कणांची ओळ पुन्हा पाहिली. मग पेशंटकडे जाऊन त्यांनी स्वतः धोका समजावला. गोळी शिशाची असली तरी तिच्या पातळ कवचात थोडं लोखंड असू शकतं. पण इतक्या वर्षांत भोवती घट्ट व्रण तयार झाला आहे, आणि काहीच न करण्याचा धोका त्याहून मोठा आहे. मि. वॉल्टर म्हणाले, न्या. एव्हाना ज्युडिथ परत आली होती. तिला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की तुकडा शिशाचा दिसतो.

आमच्याकडे दोन मशीन आहेत. आम्ही कमी ताकदीच्या चुंबकाचं घेतलं. त्यांच्या हातात रबरी बॉल दिला. काही ओढल्यासारखं किंवा गरम वाटलं की तो दाबायचा, म्हणजे माझ्याकडे घंटा वाजते. एरवी मी टेबल एका दमात आत सरकवते. त्या दिवशी वीतभर सरकवायचं, थांबायचं, विचारायचं. "ठीक?" "ठीक." पुन्हा वीतभर. डॉ. लिंडक्विस्ट माझ्या शेजारी उभे होते. ते कधी स्कॅनला येऊन उभे राहत नाहीत.

पहिली चित्रं यायला लागली आणि घंटा वाजली.

मी सगळं थांबवलं. माइकवर विचारलं, "काय होतंय, सर?"

"काही नाही," आतून आवाज आला. "असं शांत पडून अजून किती वेळ राहायचं, एवढंच विचारायचं होतं."

डॉ. लिंडक्विस्ट चक्क हसले. मी सांगितलं, अठरा मिनिटं.

गोळीच्या जागी चित्रात काळं भोक दिसत होतं, धातूमुळे तसं होतंच. पण दुखणं तिथे नव्हतंच. ते वर, छातीच्या मागच्या मणक्यांत होतं. तिथे रक्त साकळून मज्जारज्जू एका बाजूला दाबला गेला होता. गोळीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. अशात सुई घातली असती तर काय झालं असतं याचा विचार मी नंतर घरी केला, भांडी घासताना.

डॉक्टरांनी तिथूनच सर्जनला फोन लावला. रक्त पातळ करणाऱ्या औषधावर उतारा दिला गेला आणि दुपारच्या आत मि. वॉल्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. तिसऱ्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. नर्सने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. पाच आठवड्यांनी ते वॉकर घेऊन रिहॅबच्या कॉरिडॉरमध्ये चालत होते, आणि थेरपिस्ट फार हळू चालते अशी त्यांची तक्रार होती.

ज्युडिथ स्कॅनची सीडी न्यायला आमच्या डिपार्टमेंटला आली. म्हणाली, डॅडनी सांगितलं मला सगळं. रिपोर्ट वाचण्याआधी स्वतः सांगितलं. आधी ती चिडली होती. पदकामुळे, इतक्या वर्षांच्या त्या गोष्टीमुळे, शाळेतल्या मुलांना ती दर वर्षी ते सांगायची त्यामुळे. मग तिने कुर्टच्या बायकोला फोन केला. ज्युडिथला वाटलं होतं, ही बातमी म्हाताऱ्या बाईला जपून सांगावी लागेल.

"आणि?" मी विचारलं.

"त्या म्हणाल्या, मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. कुर्टची अटच होती, हे ऐकून मग हो म्हण. तुला आत्ता कळलं होय?"

आम्ही दोघी हसलो. तिचे डोळे भरून आले होते, पण हसणं खरं होतं. पदक काढायचं का, असं तिने वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, तुझी भिंत आहे, तू ठरव. तिने ते तसंच ठेवलं आणि शेजारी दोघांचा सैन्यातला फोटो लावला.

माझ्या कामात मी एकच बदल केला. आता स्क्रीनिंगचे प्रश्न विचारायच्या आधी मी नातेवाईकांना सांगते की कॉफी मशीन लिफ्टच्या पलीकडे आहे, घेऊन या निवांत. कॉफी तिथली बेकार आहे. पण तेवढ्या वेळात पेशंट खरं सांगतात.