धोंड्याचा जावई आणि पाणकिडा

मी उभ्या आयुष्यात एकच किडा जाणूनबुजून खाल्ला, आणि तोही सासुरवाडीला. साठ-एकसष्टची गोष्ट असेल. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं आणि अधिक महिना आला, म्हणजे धोंड्याचा महिना. त्या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे आणि तेहेतीस अनारसे द्यायचे, अशी रीत. एरवी दारव्ह्याच्या शाळेत पोरांवर खेकसण्यात माझा दिवस जायचा. आता आपली पूजा होणार म्हणून मी पंधरा दिवस आधीपासून मिशीला पीळ देत होतो.

अडचण एवढीच होती की बायकोला मी एक थाप मारून ठेवली होती. तिचं माहेर पुसदकडे, पूस नदीच्या काठावर. तिथल्या पोरीसुद्धा पाठीला वाळका भोपळा बांधून डोहात पोहायला शिकतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "तुमाले पोहता येते का?"

"पोहता? भरल्या पुरातून नदी पार केली म्या!"

खरं सांगायचं तर दारव्ह्यात माझा पाण्याशी संबंध बादलीपुरता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा स्वभाव. तिनं ते खरं मानलं आणि माहेरी घरोघर सांगितलं.

तिनंही मला एक गोष्ट सांगितली होती, ती मात्र खरी होती. मागच्या धोंड्यात तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा जेवणाच्या पाटावर रुसून बसला होता. अंगठी मिळेपर्यंत त्यानं घास उचलला नाही. शेवटी सासूबाईंनी स्वतःच्या बोटातली काढून दिली. हे सांगताना तिचा आवाज असा काही थंड झाला होता की मी उगाच खिडकी लावून घेतली.

पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हण्यानं बातमी दिली. तो माझ्याच वयाचा. "जेवण झालं का डोहावर जाऊ, जवाईबापू. धा-बारा जण येऊन राह्यले तुमचं पोहणं पाहाले."

त्याला गोठ्यामागे नेऊन मी सगळं कबूल केलं. तो हसला असता तरी परवडलं असतं. त्यानं गंभीरपणे मान डोलावली.

"इतकंच व्हय? किडा गिळा ना मंग."

डोहाच्या कडेला पाण्यावर गरगर फिरणारे काळे चकचकीत किडे असतात, ते कधी बुडत नाहीत. तो जिवंत गिळला की त्याचं पोहणं माणसात उतरतं, असं त्या गावात लहानथोर सगळे मानत. मी शिकलेला माणूस, मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारा. तरी लगेच विचारलं, "किती गिळा लागते?"

"तीन. पण दात लावू नका. दात लागला तं तो मुतते."

"मंग?"

"मंग तं देवच वाली."

जेवणाआधीच आम्ही दोघं गुपचूप डोहावर गेलो. माझं पाऊल गुडघाभर पाण्यापुढे गेलं नाही. मेव्हण्यानं ओंजळ मारून एक किडा पकडला आणि माझ्या जिभेवर ठेवला. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि नेमक्या त्या वेळी किडा जिभेवर फिरायला लागला. गुदगुल्या झाल्या आणि माझे दात आपोआप मिटले.

आधी पिकल्या पेरूसारखा वास आला. वाटलं, एवढंच? मग त्या वासाच्या मागून जे आलं त्याला मराठीत शब्द नाही. सडकी बोरं घासलेटात भिजवून वर कडुनिंबाचा पाला वाटला तर जवळपास तसं होईल. मेव्हणा ओरडला, "थुकू नका! गिळा!" आणि मी गिळला. उरलेल्या दोन किड्यांचं नाव कोणी काढलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी या किड्याची कुंडली मांडली. त्याच्या शेपटीकडे विषारी रसाच्या पिशव्या असतात. माशानं तोंडात घेतलं की तो रस सोडतो. मासाही हट्टी, तो तोंडातल्या तोंडात चुळा भरून किडा धुऊन काढतो. किडा त्याहून हट्टी, तो रस एकदम न सोडता थोडा थोडा सोडत राहतो. ज्याचा धीर आधी सुटला तो हरला. बहुधा मासाच थुंकतो. म्हणजे थुंकायची अक्कल माशाला असते, दारव्ह्याच्या मास्तराला नसते.

मी वीस चुळा भरल्या, कडुनिंबाची काडी चावली. ती गोड लागली! तसाच घरी येऊन रांगोळी काढलेल्या पाटावर बसलो. समोर धोंडे, वर तुपाची धार, तांब्याच्या ताटात तेहेतीस अनारसे, शेजारी आहेराची धोतरजोडी. पहिला घास तोंडात घातला आणि पुरणसुद्धा किड्याचंच लागलं. पोट वर आलं. मी घास कसाबसा उतरवला, ओठ घट्ट मिटले आणि ताट बाजूला सारलं.

सासरे सासूबाईंकडे पाहायला लागले.

"जवाईबापू रुसले," सासूबाई हळूच म्हणाल्या.

मी जोरजोरात मान हलवली. तोंड उघडावं तर अनारशांवरच उलटी व्हायची भीती.

"धोतरजोडी पसंत नाही वाटते," सासरे म्हणाले. "घड्याळ घेऊ पुसदच्या बाजारातून. मंग तं झालं?"

मी पुन्हा मान हलवली.

"सायकल?"

मी दोन्ही हात हलवून नको नको केलं. त्यावर सासऱ्यांचा चेहरा पडला. जावयाला सायकलसुद्धा कमी वाटते आहे, असा त्याचा अर्थ निघाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मेव्हणा ज्वारीच्या पोत्यांआड लपून खांदे हलवत होता.

मग सासूबाईंनी हातातली पाटली फिरवायला सुरुवात केली. ती सहज निघत नव्हती, म्हणून त्यांनी मनगटाला तेल लावलं. मी बायकोकडे पाहिलं. ती चुलीपाशी तुपाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं, पदर खोचला आणि माझ्याकडे पाहायचंच बंद केलं. मला भयंकर भीती वाटली, डोहाची वाटली होती त्याहून जास्त.

"मले पोहता येत नाही!" मी ओरडलो. "खोटं बोललो म्या! म्हणून किडा खाल्ला, अन् त्याले दात लागला! मले काहीच नको, फक्त पाणी द्या!"

कोणालाच खरं वाटेना. सासूबाई तेलकट हातानं पुढे आल्या, माझ्या तोंडाजवळ नाक आणलं आणि तीन पावलं मागे सरल्या.

"किडाच हाय वो!"

सासऱ्यांनी गंभीरपणे विचारलं, "किती?"

"एक."

"एकानं काय होते? तीन लागते."

आणि मग ते घर जे हसलं, ते शेजारपाजार गोळा होईपर्यंत थांबलं नाही. सासूबाईंनी हसता हसताच पाटली परत मनगटावर चढवली.

गोठ्यामागे बायको चिंचेचं पाणी घेऊन आली. मी चुळा भरत होतो आणि ती तांब्यातून ओतत होती. हसून हसून तिचे डोळे ओले झाले होते. मी म्हणालो, "खोटं बोललो, माफ कर."

"पोहणं शिकवीन म्या," ती म्हणाली. मग तिचं हसू थांबलं. "पण माह्या मायची पाटली घेतली असती ना, तं म्या तुमच्यासंगं दारव्ह्याले आली नसती."

ती थट्टा करत नव्हती. मी ओंजळ पुढे केली आणि तिनं त्यात पाणी ओतलं.