हिरव्या बनातीचे दार

हिंगाचा वास आला की मला आजही एक हिरवे दार आठवते. अमेरिकेत, पार्सिपनीतल्या दातारकाकांच्या घरी स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये ते होते. दोन्ही अंगांनी बनातीचे जाड लोकरी कापड चढवलेले, कडेने पितळी चुका ठोकलेले. ढकलले की मोहरीची तडतड, कढीपत्ता, सुलभाकाकूंच्या बांगड्या, सारे एकदम अंगावर येई. मिटले की पाण्याखाली गेल्यासारखे शांत.

काका वास्तुविशारद होते. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत नव्याने पैसा आलेल्यांना इंग्लिश थाटाची घरे हवी असत, आणि ती काकांना फार सुरेख साधत. मनातून मात्र ते एका इंग्लिश उमराव घराण्यावर पुस्तक लिहीत होते. मी जवळच्या विद्यापीठात साहित्य शिकत होते. शनिवारी त्यांची पाने टाइप करायला जाई.

"लोक खांब बघतात," काका हवेत बोटाने रेघ ओढत सांगत. "अगं, खांबांची कल्पना इटलीहून उचललेली. या घराण्याचं खरं देणं म्हणजे डिस्टन्स! मुदपाकखाना एका टोकाला, जेवणघर दुसऱ्या टोकाला. नोकरांचा जिना निराळा, त्यांच्या वाटेवर बनातीचं दार. पाहुण्याला कांद्याचा वास कळता कामा नये. मग बाकीच्या उमरावांनी तेच कॉपी केलं."

"आणि ताट गार व्हायचं, त्याचं हो काय?" काकू दारात उभ्या राहून विचारत.

"गार जेवण ही थोरवीची किंमत आहे."

"मग आजपासून तुम्हाला गारच वाढते."

काका हसत. हे वाक्य ते दर खेपेला तितक्याच गांभीर्याने म्हणत, आणि गरम पोळी तव्यावरून थेट पानात लागे ती त्यांनाच.

दाराबरोबर त्यांनी एक घंटाही बसवली होती. दिवाणखान्यातली रेशमी दोरी ओढली की ती स्वयंपाकघरात किणकिणे. उलट्या दिशेने काही सोय नव्हती. "मला तुम्हाला बोलवायचं झालं तर?" काकूंनी एकदा विचारले होते. "उमरावांच्या मूळ घरात तशी पद्धतच नाही," काका म्हणाले. त्यांना ते उत्तर पुरेसे वाटले.

त्या शरदात एका मोठ्या कामासाठी अमेरिकन मंडळी जेवायला आली. मीही होते. जेवणे झाली, काकू बासुंदी आणायला आत गेल्या आणि दार मिटले. काका घराण्याविषयी बोलू लागले. इतके सुंदर बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. बासुंदी येईना, तेव्हा त्यांनी दोरी ओढली. थोड्या वेळाने पुन्हा ओढली. "आमचा स्टाफ संपावर गेलाय," ते इंग्रजीत म्हणाले आणि सगळे हसले.

मी उठले. दार ढकलले, तो करपलेल्या दुधाचा कडवट, काळा वास नाकात शिरला. काकू जमिनीवर होत्या. डाव, वाट्या, बशीचे तुकडे भोवती विखुरलेले. त्यांचा हात दाराच्या दिशेने पसरला होता.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. इस्पितळातून त्या परतल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, जरा आधी कळले असते तर कदाचित.

त्या 'कदाचित'ने काकांना पोखरले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "वाट्या पडल्या म्हणजे आवाज झालाच असेल ना? तिनं हाक मारली असेल ना?" शेवटी त्यांनी मलाही विचारणे सोडले. पुस्तकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

काही आठवड्यांनी मी गेले, तेव्हा दार जागेवर नव्हते. चौकटीवर बिजागऱ्यांच्या फिकट खुणा उरल्या होत्या. भिंतीवर दोरीऐवजी एक भोक. काका दिवाणखान्यात स्वयंपाकघराकडे तोंड करून बसले होते. दाढी वाढलेली, समोर पेपर, पण घडी न मोडलेला.

"चहा टाकते, काका," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

त्या घराने मला हलक्या हाताने वावरायला शिकवले होते. मी पातेले अलगद शेगडीवर टेकवले, कपाटाचे दार बोटाने सावरत लावले, चमचासुद्धा फडक्यावर ठेवला. चहा उकळू लागला. मागे, दिवाणखान्यात, खुर्ची करकरली.

"भांडी वाजव."