शोप्रोनचा शनिवार

थापा मी आयुष्यात पुष्कळ मारल्या. साहेबाला मारल्या, बायकोला मारल्या, एका विमा एजंटाला तर सलग दोन वर्षं मारल्या. त्यांचं मला फारसं काही वाटत नाही. एकीचं मात्र वाटतं. ती मी हंगेरीतल्या सरहद्दीवरच्या एका गावात, एका म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात मारली होती.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. नागपूरच्या आमच्या गिरणीनं मला नव्या मागांचं काम शिकायला सहा महिने बुडापेस्टला पाठवलं. तिथं मला शिकवणारा फोरमन माझ्याच वयाचा होता. इंग्रजी दोघांचंही बेताचं, म्हणून आमचं चांगलं जमलं. एकदा तो म्हणाला, माझ्या गावी चल, आई एकटीच असते. गाव शोप्रोन. ऑस्ट्रियाला अगदी खेटून, त्यामुळे परक्या माणसाला तिथं जायला पोलिसांचा कागद लागायचा. तो त्यानं खटपट करून मिळवला.

शनिवारी सकाळी पोचलो. गाव फार जुनं. रोमन लोकांच्या कोटाचे दगड घरांच्या भिंतींत बसलेले, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटावं. आम्ही आधी घरी गेलो. बाई पहाटेपासून खपत होती आणि शेगडीवर मोठं पातेलं रटरटत होतं. वासावरूनच कळलं, गाईचं मटण. गिरणीच्या कँटीनमध्ये मी ब्रेड-बटाट्यावर निभावून न्यायचो. इथं काय करणार?

‘आम्ही हे खात नाही’ एवढं सरळ सांगायला काय झालं होतं? पण मी भिडस्त. मी आपल्याकडचं हुकमी कारण पुढे केलं. म्हटलं, आज शनिवार, माझा उपास आहे.

फोरमननं ते आईला सांगितलं. मला वाटलं, सुटलो. पण बाई देवभोळी निघाली. कोणत्या देवाचा उपास, असं तिनं विचारलं. मी मारुतीचं नाव सांगितलं. कसला देव? तर समुद्र ओलांडून गेला आणि हरवलेल्या माणसाचा पत्ता काढून आला. एवढं लांबण लावायची काही गरज होती का? पण ऐकणारं मिळालं की माझी जीभ सैल सुटते. बाई हातात डाव धरून ऐकत राहिली. मग मला अक्रोड आणि सफरचंदं दिली, मुलाला वाढलं आणि स्वतःची ताटली फडताळात परत ठेवून दिली.

दुपारी आम्ही गावातल्या उंच मनोऱ्यावर चढलो. गावात कुठे आग लागली की पूर्वी तिथून इशारा द्यायचे. वरून द्राक्षमळे दिसत होते, मग जंगल, आणि पलीकडे ऑस्ट्रिया. तिथं फोरमननं सांगितलं की छप्पनच्या उठावानंतर त्याचा मोठा भाऊ याच जंगलातून पलीकडे गेला. निर्वासितांच्या छावणीतून एक कार्ड आलं. त्यानंतर काहीच नाही.

“आई आता दर शनिवारी तुझ्या देवाचा उपास करणार म्हणते,” तो म्हणाला. “भावासाठी.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट खाली उतरल्यावर, जरा एकटाच फिरतो म्हणून मी सटकलो आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत चीजचे दोन पाव उभ्या-उभ्या खाल्ले. मिशांतला चुरा झटकून घरी गेलो, तर बाई अजून उपाशीच. मला आजही त्या पावांची लाज वाटते.

नागपूरला परतल्यावर दर नाताळला फोरमनचं पत्र यायचं. त्यात एक ओळ ठरलेली, आई शनिवार करते. मी उत्तरात इथल्या उन्हाबद्दल लिहायचो. अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एकदा भर पावसाळ्यात पत्र आलं. आई आजारी आहे, डॉक्टर उपाशी राहू नका म्हणतात, पण ती ऐकत नाही. मुलगा आला नाही, मग मधेच कसं सोडायचं, म्हणते. ज्यानं सांगितलं त्यानंच सोडवावं, असा तिचा हट्ट आहे. तू लिही.

चार दिवस पत्र खिशात घेऊन हिंडलो. खरं लिहावं, तर तिच्या इतक्या शनिवारांचं काय? आणखी थाप मारावी, तर कुठल्या तोंडानं? शेवटी माझ्या आईला सांगितलं. ती नागपूरजवळच्या खाप्याच्या विणकरांची लेक, घरातला माग बंद पडला तरी शेजाऱ्यांच्या सुताच्या कांड्या चाकावर भरून द्यायची. तशीच भरत बसली होती. बेकरीसकट सगळं तिनं ऐकून घेतलं.

“लाज नाही वाटली गा तुले? एका मायले उपाशी मारून राहिला तू,” ती म्हणाली. मग तिनं चाक थांबवलं. “तिले लिही, तुया उपास माह्या आईनं घेतला म्हना. सासू थकली का सून घेते, तसा. तू आता खुशाल जेव म्हना.”

“मग मीच करतो ना,” मी म्हटलं.

“तुया नको. तू एकडाव खोटा धरला. मारुतीले काहून फसवतं अजून?”

मी तसं लिहिलं. उत्तर आलं, आई शनिवारी जेवू लागली. इकडे माझ्या आईचा शनिवार सुरू झाला. ती पासष्टीची, त्यात साखरेचा विकार. धंतोलीच्या डॉक्टरनं उपास बंद म्हणून ताकीद दिली, ती तिनं कानाआड केली. मी तिच्यासमोर वरण-भात कालवायचो आणि ती मूठभर शेंगदाणे खात विचारायची, “त्या बाईचा पोरगा आला का गा?”

वर्षभरानं एका शनिवारी ती नळावर चक्कर येऊन पडली. कपाळाला चार टाके. दवाखान्यातून आणलं तरी दूध घ्यायला तयार नाही. मी आतल्या खोलीत गेलो, फोरमनच्या पत्राचं एक जुनं पाकीट काढलं आणि बाहेर येऊन म्हटलं, “आई, पत्र आलंय. पोरगा आला.”

ती उठूनच बसली. मारुतीपुढे नारळ फोडायला लावला, पेढे आणवले आणि हंगेरी कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या अख्ख्या गल्लीला वाटले. मग पाटावर बसली.

“कसा दिसते आता?”

“केस पिकलेत,” मी म्हटलं.

“रडला असन ना मायले पाहून?”

“हो. खूप रडला.”

तिनं पदरानं डोळे पुसले. “पाह्य, तुया उपास खोटा होता, तरी त्यानं आयकलं,” ती म्हणाली. मी मान हलवली आणि तिच्या ताटात पोळी वाढली.